पायलट रेग्युलेटर: तीन गेज वाचायला शिका

गॅसचा चढा दाब उतरवून पुढे एकसारखा ठेवतो तो रेग्युलेटर. गॅस आत येतो ती बाजू इनलेट, बाहेर जातो ती आउटलेट. साध्या रेग्युलेटरमध्ये दोघांची ओढाताण चालते. स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडायला बघते आणि आउटलेटचा दाब डायफ्रामला (लवचीक पडद्याला) ढकलून तो बंद करायला बघतो. दोघांची बरोबरी जिथे होते तिथे व्हॉल्व्ह थांबतो. रचना स्वस्त आणि चपळ आहे, बिघडायला फारसे काही नाही. अडचण येते ती प्रवाह वाढल्यावर. व्हॉल्व्ह जास्त उघडायचा तर स्प्रिंग लांबते, लांबली की तिचा जोर कमी होतो, आणि त्या घटलेल्या जोराची भरपाई आउटलेटचा दाब उतरूनच होते. या उताराला ड्रूप म्हणतात.

आकडे घालून पाहू. आउटलेट ४ बारला लावला आहे, डायफ्रामचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे, स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला १०० न्यूटन आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला १० मिलिमीटर सरकतो. सरकताना स्प्रिंगचा जोर १००० न्यूटनने घटतो. ३०० चौरस सेंटिमीटरवर १००० न्यूटन म्हणजे ०.३३ बार. पूर्ण प्रवाहाला तुमचे ४ बार ३.६७ वर आलेले असतात, साधारण ८ टक्के खाली. साध्या रेग्युलेटरमध्ये १० ते २० टक्के ड्रूप सर्रास धरला जातो. एखाद्या बर्नरला तो चालून जातो. मीटरिंग स्टेशनला किंवा वितरणाच्या मोठ्या जाळ्याला चालत नाही, आणि तिथे पायलट लागतो.

पायलट नेमके काय करतो

पायलट हा स्वतः एक छोटा रेग्युलेटर आहे. त्याचे काम गॅस पुरवण्याचे नाही, मोठ्या व्हॉल्व्हला हुकूम सोडण्याचे आहे. हिशेब पायलट ठेवतो आणि ओझे मुख्य व्हॉल्व्ह उचलतो.

लोडिंग प्रकारात मार्ग असा असतो. इनलेटमधून एक बारीक नळी निघते, फिल्टरमधून पायलटकडे येते. बऱ्याच ठिकाणी मध्ये एक सप्लाय रेग्युलेटर असतो, म्हणजे इनलेटचा दाब वरखाली झाला तरी पायलटला तो जाणवत नाही. पायलटच्या डायफ्रामला एका बाजूने सेट पॉइंटची, म्हणजे हवा तो दाब ठरवणारी, स्प्रिंग दाबते आणि दुसऱ्या बाजूने आउटलेटचा दाब. हा दाब पायलटपर्यंत आणणारी बारीक नळी म्हणजे सेन्सिंग लाइन. आउटलेट जरासा उतरला की पायलट उघडतो आणि मुख्य डायफ्रामच्या कप्प्यात गॅस सोडतो. या कप्प्यातल्या दाबाला लोडिंग प्रेशर म्हणायचे. मुख्य डायफ्रामच्या दुसऱ्या बाजूला आउटलेटचा दाब आणि बंद करणारी मुख्य स्प्रिंग असते. लोडिंगने त्या दोघांवर मात केली की मोठा व्हॉल्व्ह उघडतो.

आता बंद कसा होतो? लोडिंगच्या कप्प्यातून आउटलेटकडे एक बारीक वाट ठेवलेली असते, तिला रिस्ट्रिक्टर म्हणतात. पायलट बंद झाला की कप्प्यातला जादा गॅस या वाटेने निसटतो, लोडिंग उतरते आणि मुख्य स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. हे भोक बहुधा एखाद-दोन मिलिमीटरचे असते. नवख्या माणसाचे लक्ष मोठ्या फ्लँजकडे जाते, पण व्हॉल्व्ह किती लवकर मिटेल आणि किती स्थिर राहील हे या भोकावर ठरते.

अचूकता येते ती पायलटच्या गेनमुळे. आउटलेट १ एककाने उतरल्यावर लोडिंग २० एककांनी चढत असेल तर गेन २०. समजा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लोडिंग ०.४ बारने वाढायला हवे. त्यासाठी आउटलेट उतरावा लागतो फक्त ०.०२ बार. वरच्या उदाहरणातला ०.३३ बारचा उतार २० मिलिबारवर आला. प्रत्यक्षात घर्षण वगैरे धरून पायलट रेग्युलेटरकडून १ ते ३ टक्क्यांची अपेक्षा ठेवावी. ईएन ३३४ या युरोपीय मानकात हीच गोष्ट अचूकतेच्या वर्गाने सांगतात: एसी १, एसी २.५, एसी ५ असे. शेजारी एसजी ५ किंवा एसजी १० असते, तो लॉकअपचा वर्ग. प्रवाह शून्यावर आल्यावर दाब सेट पॉइंटच्या किती टक्के वर जाऊन थांबेल, ते त्यावरून कळते.

अनलोडिंग प्रकारात सगळे उलटे. रबरी बूट असलेले किंवा अक्षीय प्रवाहाचे बरेच रेग्युलेटर या जातीचे असतात. इथे इनलेटचा दाब रिस्ट्रिक्टरमधून कप्प्यात शिरतो आणि व्हॉल्व्हला मिटवून ठेवतो. आउटलेट उतरला की पायलट त्या कप्प्यातला गॅस खाली आउटलेटकडे सोडून देतो, कप्पा रिता होतो, व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे कप्प्यातला दाब इनलेटच्या जवळ असेल तर हुकूम 'बंद' आहे आणि खूप उतरला असेल तर हुकूम 'उघड' आहे.

हा फरक पाठ हवा, कारण बिघडल्यावर दोघे वेगळे वागतात. लोडिंग प्रकारात पायलटचा पुरवठा तुंबला तर मुख्य व्हॉल्व्ह मिटतो. अनलोडिंग प्रकारात रिस्ट्रिक्टर तुंबला तर कप्पा भरायला गॅसच येत नाही आणि व्हॉल्व्ह सताड उघडतो. तोच कचरा, तेच बारीक भोक. एकीकडे पुरवठा जातो आणि दुसरीकडे पुढच्या पाइपवर इनलेटचा पूर्ण दाब येतो. लोडिंगवालाही नेहमीच सुरक्षित बाजूला पडतो असे समजू नका. पायलटचाच डायफ्राम फाटला तर त्याला आउटलेट जाणवत नाही, तो उघडा राहतो आणि मुख्य व्हॉल्व्हही उघडा राहतो. म्हणून सोबत मॉनिटर (पहिला चुकला की ताबा घेणारा दुसरा रेग्युलेटर), स्लॅम शट (दाब फार चढला की गॅस तोडणारा व्हॉल्व्ह) किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) यांपैकी काहीतरी लागतेच.

बसवताना

सर्वात जास्त चुका सेन्सिंग लाइनमध्ये होतात. टॅपिंग, म्हणजे ही नळी मुख्य पाइपला जोडायचे भोक, रेग्युलेटरनंतरच्या सरळ पाइपवर घ्या, पाइपच्या व्यासाच्या ५ ते १० पट अंतरावर. १०० मिलिमीटरच्या पाइपला हे अंतर अर्धा ते एक मीटर होते. रिड्यूसर (पाइपची रुंदी बदलणारा तुकडा) असेल तर तो संपून पाइप पूर्ण रुंद झाल्यावर मोजायला लागा. एल्बोवर, टीच्या तोंडाशी किंवा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हच्या मागे टॅपिंग घेऊ नका. तिथे गॅस वळतो, घुसळतो आणि पायलटला खोटा दाब दिसतो. दाब कमी असेल तर हे जास्त बोचते. १०० मिलिबारच्या नैसर्गिक वायूच्या लाइनमध्ये गॅस सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असेल तर निव्वळ वेगामुळे साडेतीन मिलिबारचा खेळ होतो. सेट पॉइंटच्या साडेतीन टक्के. एवढ्यात पायलटची सगळी अचूकता गेली.

टॅपिंग पाइपच्या वरून किंवा बाजूने घ्या, तळातून कधीच नाही. नळी अर्ध्या इंची ठेवा आणि तिला पाइपकडे उतार द्या म्हणजे साचलेले पाणी किंवा तेल परत पाइपमध्ये जाईल. नळीवर आयसोलेशन व्हॉल्व्ह हवा असेल तर तो पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह असू द्या आणि उघड्या स्थितीत त्याला कुलूप घाला. हा व्हॉल्व्ह कोणी मिटला आणि नळीतला दाब हळूहळू गळाला, तर पायलटला वाटते आउटलेट रिता आहे, आणि तो मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. मॉनिटर असेल तर त्याची सेन्सिंग लाइन वेगळ्या टॅपिंगवरून घ्या. दोघांना एकाच भोकावर जोडले तर एका तुंबलेल्या नळीने दोघेही फसतात आणि मॉनिटर असून नसल्यासारखा होतो.

फिल्टर पायलटच्या आधी हवाच, साधारण ५ ते ४० मायक्रॉनचा. मुख्य लाइनच्या गाळणीवर पायलटने विसंबू नये, तिची जाळी त्याच्या मानाने फारच मोठी असते. नव्या पाइपलाइनमध्ये वेल्डिंगची खपली, गंज आणि आट्यांवर लावलेल्या सीलंटचे तुकडे पहिल्या काही दिवसांत वाहून येतात. तेव्हा चालू केल्यानंतर पहिल्या आठवड्यात फिल्टर एकदा उघडून बघा.

थंडीचाही विचार करा. नैसर्गिक वायूचा दाब उतरला की तो गार होतो, दर बारमागे साधारण अर्धा अंश सेल्सिअस. ५० बारवरून १० बारवर आणताना २० अंशांचा फटका बसतो. १५ अंशांचा गॅस उणे ५ वर जातो. गॅसमध्ये ओलावा असेल तर बर्फ किंवा हायड्रेट (पाणी आणि गॅस मिळून झालेला बर्फासारखा पदार्थ) बनते, आणि दाब जास्त असल्यावर हायड्रेट शून्य अंशाच्या वरही बनू शकते. ते आधी पायलटमध्ये अडते कारण तिथली भोके बारीक आणि प्रवाह थोडा. मोठा दाब उतरवायचा असेल तर पायलटच्या पुरवठ्याला छोटा हीटर द्या किंवा दाब दोन टप्प्यांत उतरवा.

पायलटच्या स्प्रिंगच्या टोपीला श्वासाचे भोक असते. त्याचे तोंड खाली ठेवा, जाळी लावा. घरात किंवा बंद खोलीत रेग्युलेटर असेल तर पुरेशा रुंद नळीने बाहेर न्या. तिथे गांधीलमाशीने मातीचे घर केले की डायफ्राम हलत नाही आणि माणूस पायलट उघडून सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती जागा) घासत बसतो.

स्प्रिंगची निवड सोपी आहे. तुमचा सेट पॉइंट दोन स्प्रिंगांच्या कक्षेत बसत असेल तर हलकी घ्या. जड स्प्रिंगने पायलटचा स्वतःचा ड्रूप वाढतो.

चालू करताना

हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. लोडिंग प्रकाराला साधारण हा क्रम चालतो:

१. इनलेट, आउटलेट आणि बायपास (रेग्युलेटरला वळसा घालणाऱ्या वाटेचा) व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करा. पायलटचा ॲडजस्टिंग स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून स्प्रिंग सैल करा.

२. इनलेट, लोडिंग आणि आउटलेट अशा तिन्ही जागी गेज लावा. लोडिंगला कायमचा गेज नसेल तर टी टाकून बसवा. हा खर्च पहिल्याच बिघाडात वसूल होतो.

३. सेन्सिंग लाइनचा व्हॉल्व्ह आणि पायलटच्या पुरवठ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. मागाहून उघडले तर मुख्य डायफ्रामवर एका बाजूने दाब येतो आणि तो उलटा फुगू शकतो.

४. इनलेट व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, बॉल व्हॉल्व्ह असेल तर जास्तच. स्प्रिंग सैल असल्यामुळे आउटलेटचा काटा जवळजवळ हलायला नको. तो चढत राहिला तर तिथेच थांबा. सीट किंवा बायपास गळतो आहे.

५. आउटलेटच्या बाजूला थोडा प्रवाह सुरू करा, पूर्ण प्रवाहाच्या ५ ते १० टक्के. पुढे गिऱ्हाईक नसेल तर सुरक्षित जागी व्हेंटने सोडा. अजिबात प्रवाह नसताना सेटिंग करणे व्यर्थ आहे, कारण तेव्हा तुम्ही लॉकअपचा दाब वाचत असता.

६. ॲडजस्टिंग स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव-पाव फेरा द्या. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा, काटा स्थिर होऊ द्या. नेहमी खालून वर या. सेट पॉइंट ओलांडला तर स्क्रू सैल करून दाब उतरू द्या आणि पुन्हा वर चढा.

७. आउटलेट व्हॉल्व्ह हळू उघडा, खरा प्रवाह येऊ द्या, पुन्हा वाचा आणि लॉक नट कसा. तिन्ही गेजचे आकडे लिहून ठेवा. विशेषतः लोडिंग आणि आउटलेट यांतला फरक, कारण पुढे बिघाड शोधताना तुलनेला हाच लागतो.

मग लॉकअप बघा. आउटलेट व्हॉल्व्ह मिटल्यावर दाब थोडा चढतो आणि थांबायला हवा. अर्ध्या मिनिटाला एक आकडा घ्या, दोन मिनिटांनी दुसरा, दहा मिनिटांनी तिसरा. इथे एक चकवा आहे. गार झालेला गॅस पाइपमध्ये अडकून पुन्हा तापतो आणि दाब चढतो. ४ बारवर अडकलेला, १५ अंशांच्या आसपासचा गॅस १० अंशांनी तापला तर दाब जवळजवळ ०.१७ बारने वाढतो, सीट एकदम चांगली असली तरी. हा चढ मंदावत जाऊन थांबतो. गळती मात्र त्याच चालीने चढत राहते. शंका असेल तर पाइप सावलीत स्थिर होऊ द्या, थोडा गॅस सोडा आणि पुन्हा बघा.

गळतच असेल तर पायलटच्या पुरवठ्याचा व्हॉल्व्ह मिटा. चढ थांबला तर दोष पायलटच्या सीटमध्ये आहे, कारण लोडिंगचा गॅस रिस्ट्रिक्टरमधून आउटलेटकडेच येतो. चढतच राहिला तर मुख्य सीट किंवा बायपास. बरेच जण हे न करता सरळ मुख्य व्हॉल्व्ह खोलतात आणि सीट नवी टाकूनही गळती तिथेच असते.

बिघाड शोधताना

एकट्या आउटलेटच्या गेजवरून काहीच ठरत नाही. सोबत लोडिंग वाचले की निम्मे काम होते. खालचे चार प्रसंग लोडिंग प्रकाराचे आहेत. अनलोडिंगला कप्प्याचा अर्थ उलटा घ्या.

आउटलेट कमी आणि लोडिंग भरपूर. पायलट ओरडून 'उघड' म्हणतो आहे, मोठा व्हॉल्व्ह ऐकत नाही किंवा आधीच पूर्ण उघडला आहे. ट्रॅव्हल इंडिकेटर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडला ते दाखवणारी खूण, बघा. पूर्ण उघडा असेल तर मागणीच जास्त आहे, मुख्य गाळणी तुंबली आहे किंवा इनलेट पडला आहे. मुख्य स्प्रिंगवर मात करायला इनलेट आणि आउटलेटमध्ये किमान फरक लागतो, तो निर्मात्याच्या तक्त्यात असतो. त्याखाली गेलात तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडणारच नाही. इंडिकेटर मधेच असेल तर व्हॉल्व्हचा दांडा अडकला आहे.

आउटलेट कमी आणि लोडिंगही कमी. पायलटपर्यंत गॅस पोचत नाही किंवा पोचलेला निसटतो आहे. पायलटच्या आधी दाब मोजा. तिथेच नसेल तर फिल्टर, बर्फ किंवा मिटलेला पुरवठा. तिथे आहे पण पुढे नाही, तर पायलटचे भोक तुंबले किंवा मुख्य डायफ्राम फाटला. फाटलेल्या डायफ्रामला पायलट कितीही गॅस देऊ दे, लोडिंग आउटलेटच्या वर उठतच नाही.

आउटलेट जास्त आणि लोडिंग आउटलेटएवढेच. पायलटने 'बंद' सांगून झाले आहे. आधी बायपास तपासा, मग मुख्य सीटवरचा कचरा, मग दांडा.

आउटलेट जास्त आणि लोडिंगही जास्त. हा प्रसंग धोक्याचा आहे. पायलट मिटत नाही: सीटवर कण, फाटलेला डायफ्राम, मिटलेली किंवा तुंबलेली सेन्सिंग लाइन, अथवा तुंबलेला रिस्ट्रिक्टर. श्वासाच्या भोकाला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर डायफ्राम गेला. नाही आले तर सेन्सिंग लाइनच्या पायलटकडच्या टोकाचा दाब आउटलेटशी ताडून बघा.

हंटिंग, म्हणजे काटा सतत डोलणे, यात लगेच पायलटला दोष देऊ नका. सर्वात सामान्य कारण म्हणजे रेग्युलेटर कामाच्या मानाने मोठा आहे आणि व्हॉल्व्ह सीटच्या अगदी जवळ चालतो आहे. नंतर सेन्सिंग लाइन बघा: बारीक नळी, लांब नळी, घुसळणाऱ्या जागेचे टॅपिंग. तिसरे कारण रेग्युलेटरनंतरचा पाइप फारच आखूड असणे. हे सगळे ठीक असेल तर मगच रिस्ट्रिक्टर थोडा मोठा करा. मोठ्या भोकाने गेन कमी होतो, व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि डोलणे थांबते. किंमत म्हणून ड्रूप थोडा वाढतो. लहान केले तर अचूकता वाढते पण मिटायला वेळ लागतो आणि मागणी अचानक थांबली की दाब उसळतो. सेन्सिंग लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट मिटून हंटिंग दाबायचा जुना जुगाड करू नका. त्याने काटा शांत दिसतो, पायलट मात्र उशिरा जागा होतो.

काही जागी पायलट मुळात बसवूच नये. झटकन उघडझाप करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि त्याच्यामागे दोन-चार मीटर पाइप, अशी मागणी असेल तर लोडिंग भरायला आणि निसटायला लागणारा वेळही जास्त होतो. तिथे साधा रेग्युलेटर थोडा मोठा घेऊन ड्रूप सोसणे बरे.

बंद करून खोलताना

आधी इनलेट मिटा, मग आउटलेट, मग सेन्सिंग लाइन. दोन्ही बाजू व्हेंट करा आणि लोडिंगचा कप्पा वेगळा व्हेंट करा. रिस्ट्रिक्टर तुंबलेला असेल तर बाहेरचे दोन्ही गेज शून्यावर आले तरी कप्प्यात दाब अडकून राहतो, म्हणून तिसरा गेज शून्यावर आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. पायलट खोलला की डायफ्राम, सीट आणि ओ-रिंग एकत्र बदला. एकटी सीट बदलून जुना डायफ्राम परत घालू नये. रिस्ट्रिक्टर तारेने टोकरू नका, भोक मोठे झाले की गेन बदलतो. सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवेने फुंका. जोडल्यावर सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा, नंतर पहिल्या पायरीपासून चालू करा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा.